पीळ : मुळशीच्या डोक्यावरून गेलेल्या आणि घरात आलेल्या तारा

(पौड येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)



पत्रिकेवर विषय वाचून काहींनी मला फोन केला. म्हणाले, सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे लॅन केबलचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की ‘संबंध’ म्हणजे काय, दोन गोष्टी जोडल्या गेल्या म्हणजे नेमकं काय झालं, हा प्रश्न मी वर्गात फळ्यावर लिहीत आलो. तोच प्रश्न मला निवृत्तीनंतर एका तारेत सापडला.

ही माझ्या हातात आहे ती साधी केबल आहे. घरातल्या राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत जाणारी, दोन टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकचे जॅक. ही दुकानातून तयार आणलेली नाही, घरी केलेली आहे. ती कशी करायची हे मी आज सांगणारच आहे, पण आधी तिचा इतिहास सांगणार आहे, आणि तो मुळशीत सांगणार आहे याला कारण आहे. आपल्या तालुक्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा बराचसा तारांचा इतिहास आहे. फक्त बहुतेक तारा आपल्या डोक्यावरून दुसरीकडे गेल्या.

वीज इथली, दिवे तिथले

सुरुवात १९२१ पासून करू. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालेलं होतं, भिवपुरीचं १९२२ मध्ये झालं. तिसऱ्या योजनेसाठी टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्ये स्थापन झाली आणि जागा ठरली मुळा-निळेचा संगम, म्हणजे आपली मुळशी. पूर्वेकडे वाहणारं पाणी अडवायचं, बोगद्यातून घाटाच्या पश्चिमेला न्यायचं, कोकणात भिऱ्याला खाली सोडायचं आणि तिथे जनित्रं फिरवायची. पाणी ज्या बाजूला जायचं त्याच्या उलट बाजूला न्यायचं अशी ही योजना. इंजिनियरिंग म्हणून ती विलक्षण आहे, यात वाद नाही.

पण त्या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावं जाणार होती. भाताची खाचरं जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट ही नावं तुम्हाला माहीत आहेत. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्यानं दिलं. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा इथलीच. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. प्रा. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या इंग्रजी नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं. त्यात एक कटू गोष्ट नीट मांडली आहे. जमिनीचे मालक असलेले अनेक सावकार पुण्यात राहत. त्यांना मोबदला वाढवून मिळाला तर चालणार होतं. जो प्रत्यक्ष नांगर धरत होता त्या मावळ्याला पैशात ही गोष्ट मोजता येत नव्हती.

१९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं आणि उच्च दाबाच्या तारांनी ती वीज मुंबईला गेली. ज्यांची गावं पाण्यात गेली त्यांच्या उरलेल्या वाड्यांवर दिवा लागायला मात्र कित्येक दशकं लागली.

याच १९२७ मध्ये आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट झाली. खडकीजवळचं प्रक्षेपण केंद्र आणि दौंडचं ग्रहण केंद्र यांच्या साहाय्यानं इंग्लंडशी बिनतारी ‘बीम’ सेवा सुरू झाली. म्हणजे पुणे जिल्हा थेट लंडनशी बोलू लागला तेव्हा ताम्हिणीचा माणूस पौडला निरोप पाठवायचा तर चालत जात होता. कोण कोणाशी जोडलं जातं, हे अंतरावर ठरत नाही. ते दुसऱ्याच कशावर तरी ठरतं.

तार टाकायचा हक्क कोणाचा

ते ‘दुसरं काहीतरी’ म्हणजे पुष्कळदा कायदा असतो. थोडा कायदा सांगतो, कंटाळू नका.

१८८५ चा भारतीय तार कायदा. त्याचं चौथं कलम सांगतं की तार उभारण्याचा, चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारचा. परवाना दिला तरच दुसऱ्याला. आणि ‘तार’ या शब्दात टेलिफोनही आला. गंमत पाहा, १८८० मध्ये लंडनच्या न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता की टेलिफोनवरचं बोलणं ही कायद्याच्या दृष्टीनं तार आहे का. न्यायालय म्हणालं, आहे. तार कायदा लिहिला गेला तेव्हा टेलिफोन कोणाच्या स्वप्नातही नव्हता, तरी तो त्यात बसवला गेला. इतिहासात असं वारंवार होतं. नवी वस्तू येते आणि जुन्या शब्दाच्या डब्यात तिला जागा करून दिली जाते.

त्याच कायद्याचं दहावं कलम आपल्या शेतकऱ्यांनी अनुभवलं आहे, नाव माहीत नसेल इतकंच. त्यानुसार तार खात्याला कोणाच्याही जमिनीवरून, जमिनीखालून तार नेता येई. जमीन विकत घ्यायची गरज नाही, फक्त वापराचा हक्क, आणि नुकसान झालं तर भरपाई. पुढे १९१० च्या वीज कायद्यातल्या ५१ व्या कलमानं हेच अधिकार वीजवाहिन्यांसाठी देता येतील अशी सोय झाली आणि २००३ च्या वीज कायद्यातही ती कलम १६४ मध्ये राहिली. म्हणजे शेतात विजेचा मनोरा उभा राहतो तेव्हा त्याच्या मुळाशी तारायंत्राच्या काळातला कायदा असू शकतो. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तार कायदा त्यानंतरही दहा वर्षं जिवंत होता. त्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ चा.

मुद्दा असा. शंभर-सव्वाशे वर्षं या देशात दोन ठिकाणं तारेनं जोडणं ही सामान्य माणसाची गोष्टच नव्हती. मुंबईचं टेलिफोन एक्स्चेंज २८ जानेवारी १८८२ ला सुरू झालं, आणि त्यानंतर शंभर वर्षांनीही माणूस फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहत बसे. फोन आला तरी भिंतीतल्या तारेला हात लावायचा नाही, लाइनमनलाच बोलवायचं. त्या पार्श्वभूमीवर ही केबल ठेवून पाहा. आपल्या घरातली तार आपण कापायची, आपण जोडायची, आणि कोणाला विचारायचं नाही. माझ्या पिढीला ही गोष्ट साधी वाटत नाही.

तारेतली गुणगुण

आता तारेच्या आत शिरू.

पहिल्या टेलिफोनला तारायंत्रासारखी एकच तार असे आणि परतीची वाट म्हणून जमीन वापरत. त्यात भयंकर गुणगुण ऐकू येई. शेजारून तारायंत्राची तार जात असेल तर तिचं कटकट ऐकू येई. दुसऱ्याचं बोलणंही ऐकू येई. पुढे विजेच्या ट्राम आल्या, वीजवाहिन्या आल्या आणि हाल आणखी वाढले. एका तारेतला बदलता प्रवाह शेजारच्या तारेत स्पर्शाशिवाय प्रवाह उत्पन्न करतो, हे फॅरडेनं १८३१ मध्येच दाखवलं होतं. ज्या नियमानं भिऱ्याची जनित्रं वीज तयार करतात, त्याच नियमानं त्या विजेची तार शेजारच्या टेलिफोनमध्ये गुणगुण करते.

उपाय दोन पायऱ्यांनी आला. पहिली पायरी म्हणजे जमिनीऐवजी परतीची स्वतंत्र तार. दुसरी पायरी त्याहून हुशार. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं १८८१ मध्ये पेटंट घेतलं की या दोन तारा एकमेकींभोवती पिळून टाका. पीळ दिला की काय होतं? बाहेरचा गोंगाट जी तार जवळ असेल तिच्यावर जास्त परिणाम करतो. पण पुढच्याच वळणावर जवळची तार लांब जाते आणि लांबची जवळ येते. अशा हजारो वळणांनंतर दोघींवरचा गोंगाट जवळजवळ सारखा होतो. पलीकडचं यंत्र दोघींमधला फक्त फरक वाचतं. दोघींवर सारखा असलेला गोंगाट वजाबाकीत उडून जातो आणि आपला संदेश, जो दोघींवर उलट-सुलट पाठवलेला असतो, तो उरतो.

खांबांवरच्या उघड्या तारांना असा पीळ देता येत नाही. मग तिथे काही खांबांनंतर दोन तारा आपापल्या जागा बदलत. रेल्वेलाइनच्या बाजूला जुने खांब तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असतील. त्यात मध्येच तारा एकमेकींना ओलांडताना दिसत. ते सैलसर ताणलेल्या पिळाचंच रूप होतं.

आपल्याकडे पीळ हा शब्द बहुधा अंबाडीच्या, वाखाच्या दोरीसाठी येतो. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं आपण हेकट माणसाबद्दल म्हणतो. दोरीला पीळ ताकदीसाठी लागतो. एकेक धागा हातानं तुटतो, पीळ दिलेले पदर बैल रोखून धरतात. तारेतला पीळ ताकदीसाठी नाही, तो बाहेरचं ऐकू न येण्यासाठी आहे. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. पदार्थात काहीही भर घातलेली नसते. तेवढंच तांबं, तेवढाच वाख. बदलतो तो फक्त एकमेकांशी असलेला संबंध.

इथरनेट आपल्या तारेवर कसं आलं

आता थोडं भरभर. २२ मे १९७३ ला झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफनं एक टिपण लिहिलं आणि इथरनेटची कल्पना मांडली. सुरुवातीचं इथरनेट जाड कोअ‍ॅक्सियल केबलवर चालायचं, नंतर बारीक कोअ‍ॅक्सियलवर. सगळे कॉम्प्युटर एकाच तारेवर, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉलेजच्या लॅबमध्ये काम केलं असेल त्यांना आठवेल, एकाचा पाय लागून जोड निघाला की सगळी लॅब बंद.

आपल्याकडे एर्नेट हा प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला, मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था त्यात होती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. महासंगणक म्हटलं की आपल्याला एक प्रचंड मेंदू वाटतो. परमची मुख्य कल्पना मात्र अशी की अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना नीट जोडायचे. पुन्हा संबंधच. सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं खुलं केलं.

आपल्या केबलसाठी महत्त्वाचं वर्ष १९९०. त्या वर्षी इथरनेटचं असं मानक आलं की जे पीळदार टेलिफोनछाप तारेवर चालेल. वेग सेकंदाला १० मेगाबिट. अमेरिकेतल्या ऑफिसांच्या भिंतींत टेलिफोनसाठी अशा तारा आधीच पडून होत्या. नवी तार टाकण्यापेक्षा जुनीवर चालवा, हा हिशेब. १९९५ मध्ये वेग १०० झाला, १९९९ मध्ये १०००. बेलचा पीळ शंभर वर्षांनी असा उपयोगी पडला.

केबल बनवणारेही आपल्या जवळचेच. सिंधमधून पुण्यात आलेल्या छाब्रिया बंधूंनी १९५८ मध्ये फिनोलेक्स सुरू केली. पीव्हीसी वेष्टनाच्या तारांपासून सुरू झालेली ही कंपनी पुढे टेलिफोन केबल आणि लॅन केबलही करू लागली. पिंपरी आणि मावळातलं उर्से इथे तिचे कारखाने आहेत. तेव्हा ही विद्या सातासमुद्रापलीकडची आहे असं समजायचं कारण नाही.

रंगांच्या क्रमातला इतिहास

केबलचं बाहेरचं आवरण सोललं की आत आठ तारा दिसतात, चार जोड्यांत पिळलेल्या. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, आणि प्रत्येकीच्या जोडीला त्याच रंगाची रेघ असलेली पांढरी. चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो. एक घट्ट, एक सैल. असं मुद्दाम केलेलं असतं, नाहीतर जोड्याच एकमेकींचं बोलणं ऐकू लागतील.

जॅकमध्ये त्या कोणत्या क्रमानं लावायच्या? आपल्याकडचे बहुतेक कारागीर जो क्रम वापरतात त्याला ५६८-बी म्हणतात. तो असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. केबल टाकणारी मुलं हा क्रम पाढ्यासारखा म्हणतात.

नीट पाहिलंत तर यात एक विचित्र गोष्ट आहे. नारिंगी जोडी शेजारी-शेजारी, तपकिरी जोडी शेजारी-शेजारी, निळी मधोमध शेजारी-शेजारी. पण हिरवी जोडी फुटलेली. एक तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या जागी, आणि निळी तिच्या पोटात. असं का? सरळ चार जोड्या ओळीनं का नाही लावल्या?

उत्तर टेलिफोनमध्ये आहे. अमेरिकेतल्या टेलिफोनच्या छोट्या जॅकमध्ये पहिली लाइन मधल्या दोन टोकांवर असे आणि दुसरी लाइन तिला वेढून बाहेरच्या दोन टोकांवर. निळा हा टेलिफोनवाल्यांच्या रंगक्रमातला पहिला रंग. म्हणून निळी जोडी मधोमध, चौथ्या-पाचव्या जागी. तिला वेढणारी दुसरी लाइन तिसऱ्या-सहाव्या जागी. पुढे हीच पद्धत बाहेर वाढवत नेली असती तर शेवटची जोडी पहिल्या आणि आठव्या जागी गेली असती, इतकी लांब की पिळाचा फायदाच गेला असता. म्हणून उरलेल्या दोन जोड्या शेजारी-शेजारी लावल्या. १९९० चं इथरनेट १-२ आणि ३-६ या जोड्या वापरतं आणि मधली निळी टेलिफोनसाठी सोडून देतं. १९९१ मध्ये अमेरिकेत इमारतींतल्या तारांचं मानक आलं आणि ते जगभर पसरलं.

म्हणजे तुम्ही मुळशीत बसून जॅक लावता तेव्हा अमेरिकेतल्या जुन्या टेलिफोनची सोय सांभाळत असता. इतिहास पुस्तकात असतो असं आपण समजतो. पुष्कळदा तो अशा सवयींत असतो, जिचं कारण विसरलेलं असतं पण जी मोडता येत नाही.

आठही दिवे लागतात, तरी चूक

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग.

समजा एखाद्या हुशार मुलानं विचार केला की हा वेडावाकडा क्रम कशाला? दोन्ही टोकांना एकच क्रम असला म्हणजे झालं. मग त्यानं चारही जोड्या ओळीनं लावल्या. दोन्ही टोकांना तशाच. टेस्टर लावला. एक ते आठ, सगळे दिवे ओळीनं लागले. तार अखंड आहे, कुठेही तुटलेली नाही, प्रत्येक टोक योग्य टोकाला पोहोचलं आहे. आणि तरीही ती केबल नीट चालत नाही. फार आखूड असली तर चालेल, लांबी वाढली की वेग पडतो, मध्येच तुटते.

काय चुकलं? यंत्र तिसऱ्या आणि सहाव्या टोकाला एक जोडी समजून संदेश पाठवतं. पण या केबलमध्ये तिसरी तार एका पिळातली आहे आणि सहावी दुसऱ्या पिळातली. त्या एकमेकींच्या जोडीदार नाहीत. गोंगाट दोघींवर सारखा पडत नाही, वजाबाकीत उडत नाही. इंग्रजीत या दोषाला स्प्लिट पेअर म्हणतात. मी जोडीफूट म्हणतो.

न्याय-वैशेषिकांनी संबंधाचे प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक संयोग. दोन स्वतंत्र गोष्टी येऊन भिडतात, उद्या सुटू शकतात. झाडावर पक्षी बसला तो संयोग. दुसरा समवाय. तो इतका घट्ट की एक काढलं तर दुसरं उरतच नाही. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे तंतू आणि पट, धागे आणि कापड. मी वर्गात हे उदाहरण शेकडो वेळा दिलं असेल. कापड म्हणजे धाग्यांचा ढीग नव्हे.

साधा टेस्टर फक्त संयोग तपासतो. हे टोक त्या टोकाला भिडलं का? भिडलं, दिवा लागला. जोडी ही जोडी म्हणून आहे का, हे त्याला दिसत नाही. वैशेषिकांना तारेतली जोडी समवायात बसवायला कदाचित मान्य होणार नाही, शास्त्रीबुवांनी मला माफ करावं. पण भेद समजायला हे उदाहरण उत्तम आहे. आणि हा भेद तारेपुरता नाही. गावापर्यंत फायबर पोहोचली, नकाशावर ठिपका हिरवा झाला. दिवा लागला. पण शाळेतल्या मुलीला धडा पाहता येतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळा तपासावा लागतो.

हातानं करून पाहा

करायचं कसं, ते आता थोडक्यात. आवरण दोन-अडीच सेंटिमीटर सोला, आतल्या तारांना पातं लागू देऊ नका. जोड्या सोडवा, क्रमानं लावा, चिमटीत सपाट धरा, सरळ रेषेत कापा. जॅकची खिटी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर ठेवून तारा आत ढकला. आठही टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. बाहेरचं आवरणही जॅकच्या आत आलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो. मग क्रिम्पिंग टूलनं जोरात दाबा. पीळ सोडवायचा तो टोकाशी साधारण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. पूर्ण केबल १०० मीटरपेक्षा लांब नको.

जोडल्यावर कॉम्प्युटर १००० ऐवजी १०० चा वेग दाखवत असेल तर जॅकवर संशय घ्या. १०० च्या वेगाला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात. १००० ला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी नीट बसली नसेल तर यंत्र तक्रार न करता मुकाट्यानं हळू चालतं, आणि आपण कंपनीला नावं ठेवत बसतो.

खरेदीत एक गोष्ट पाहा. बाजारात स्वस्त केबल मिळते तिच्यात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. खोक्यावर बारीक अक्षरांत सीसीए लिहिलेलं असतं, कधी नसतंही. टोक सुरीनं खरवडा. आत पांढरट दिसलं तर ॲल्युमिनियम. तिचा रोध जास्त, ती लवकर मोडते, आणि त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर ती तापू शकते. शुद्ध तांब्याचीच घ्या. आपल्या मुळशीच्या पावसात बाहेरून न्यायची असेल तर बाहेरच्या वापरासाठी केलेली, काळ्या आवरणाची घ्या.

गिल्बर्ट राइल नावाच्या तत्त्वज्ञानं १९४९ च्या ग्रंथात ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ असा भेद केला. आपल्याकडे दुसऱ्याला हातोटी म्हणतात. आपल्या समाजानं हातोटी एका बाजूला टाकली आणि ज्ञान दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या जाती ठरवल्या. दोर वळणाऱ्याला आपण गावाच्या कडेला ठेवलं. पीळ म्हणजे काय हे ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं, त्याला शाळेत येऊ दिलं नाही. माझ्यासारख्यानं सत्तरी ओलांडल्यावर आठ तारा चिमटीत धरायला शिकणं यात कौतुकाचं काही नाही. ते उशिरा शिकलेलं आहे, एवढंच.

पुन्हा मुळशी

आता शेवटाकडे येतो. १९२१ मध्ये मुळशीची जमीन विजेसाठी गेली. १९९० च्या दशकापासून याच तालुक्याच्या पूर्व टोकाला, हिंजवडी-माणच्या बाजूला, औद्योगिक विकास महामंडळानं १९६१ च्या कायद्याखाली जमीन घेतली आणि राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं. आज तिथून जगभरच्या बँकांची कामं चालतात. आणि त्याच तालुक्याच्या पश्चिमेला, २०२० च्या टाळेबंदीत, मुलं मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जाऊन बसत होती. दोन्ही मुळशीच. हिंजवडी आणि धरणाच्या मागची वाडी यांच्यातलं अंतर काही तासांचं आहे, पण त्यांचा एकमेकींशी तारेचा संबंध नाही. दोघींचाही संबंध दूर कुठेतरी आहे.

ग्रामपंचायतींना फायबरनं जोडायची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिला आता भारतनेट म्हणतात. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते. तिथून शाळेची खोली, आरोग्य उपकेंद्राचं टेबल, वाचनालयाचा कॉम्प्युटर हे अंतर बहुधा पन्नास-शंभर मीटरचं. तेवढ्यासाठी काम अडलेलं मी पाहिलं आहे. जॅक गंजला, उंदरानं तार कुरतडली, आणि माणूस यायची वाट पाहत महिने गेले. हे शेवटचे पन्नास मीटर आपण आपल्या हातांनी जोडू शकतो. त्याला कंपनी लागत नाही, परवाना लागत नाही, धरण लागत नाही. एक टूल, एक टेस्टर आणि क्रम पाठ असलेली दोन मुलं प्रत्येक गावात लागतात. त्यातली एक मुलगी असावी, असा माझा आग्रह आहे.

सत्याग्रहात हरलेल्या माणसांचं देणं यानं फिटत नाही. ते देणं जमिनीचं आहे आणि ते वेगळं मागावं लागेल. पण तार म्हणजे आपल्या डोक्यावरून जाणारी दुसऱ्याची वस्तू, ही समजूत तरी मोडता येईल.

एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, आता सगळं वायफायवर चालतं. केबलची गरज काय?

वायफाय खरंच सोयीचं आहे, मीही वापरतो. पण राउटरपर्यंत आणि राउटरपासून पुढच्या खोलीतल्या दुसऱ्या राउटरपर्यंत केबलच उत्तम. आपल्या जुन्या घरांच्या दगडी भिंतींतून वायफाय फार जात नाही. शिवाय वायफाय म्हणजे सगळ्यांनी एका खोलीत एकाच वेळी बोलणं. केबल म्हणजे दोघांनी बाजूला जाऊन बोलणं. परीक्षेच्या वेळी दुसरं बरं.

प्रश्न : माझ्या घरातून समोर भावाच्या घरात केबल टाकली तर चालेल का?

मध्ये सार्वजनिक रस्ता असेल तर आधी परवानगीचं पाहा. आणि तांब्याची तार दोन घरांमध्ये हवेतून नेऊ नका. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज किती पडते ते तुम्ही जाणता. जवळपास कुठे पडली तरी त्या तारेतून दोन्ही घरांतली यंत्रं जळू शकतात, माणसालाही धोका. दोन घरांमध्ये फायबर टाका. ती काचेची असते, तिच्यातून वीज वाहत नाही. फक्त आधारासाठी धातूची तार नसलेली मागा. घराच्या आत मात्र तांबं. ते दोघं भाऊ बसून करा, आणि टेस्टर लावण्याआधी रंगांचा क्रम एकमेकांचा तपासा.